अरिष्टाचे बीज आणि चुंबकीय ढवळक

प्रास्ताविक

संधान कल्पना ही आयुर्वेदीय औषधनिर्मितीतील जितकी उपयुक्त, तितकीच नाजूक शाखा होय. चूर्ण बिघडले तर ते लगेच दिसते, गुटी फुटली तर पुन्हा वळता येते. परंतु अरिष्टाचे पिंप महिनाभर बंद राहते आणि उघडल्यावरच ते सिद्ध झाले की शुक्त झाले, याचा उलगडा होतो. बिघडलेल्या पिंपाबरोबर क्वाथद्रव्ये, गूळ, इंधन आणि महिनाभराचा काळ एवढे सर्व वाया जाते. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एखाद्या गाळ्यात औषधशाळा चालविणाऱ्या व्यावसायिकास हा तोटा सोसणे अवघड असते.

१८७२ साली पनवेल येथे कृष्णशास्त्री पुराणिक यांनी स्थापन केलेल्या धूतपापेश्वरसारख्या संस्थांपाशी स्वतःची प्रयोगशाळा व तज्ज्ञवर्ग असतो. लहान औषधशाळेत मात्र धायटीची फुले घालावयाची, तोंड बांधावयाचे आणि दैवावर हवाला ठेवावयाचा, अशीच पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते. संधान सुरू झाले नाही, तर कोणी बाजारातील पावाचे यीस्ट घालतो, तर कोणी त्याहून आक्षेपार्ह मार्ग पत्करतो. या दोहोंची गरज पडू नये, असा एक साधा उपाय प्रस्तुत लेखात मांडला आहे. मुख्य संधानाच्या चार-पाच दिवस आधी त्याच कल्पाच्या घटकांत थोडे सशक्त किण्व वाढवून घ्यावयाचे, आणि त्या वाढीसाठी घरी बांधता येईल असा चुंबकीय ढवळक वापरावयाचा. दह्यासाठी चांगले विरजण लागते, तसेच हे अरिष्टाचे विरजण होय.

शास्त्रातील बीज

‘बीज’ ही कल्पना आपणांस नवी नाही. शार्ङ्गधर संहितेच्या मध्यम खंडात संधान कल्पनेचा विचार करताना सुरेचे प्रसन्ना, कादंबरी, जगल, मेदक असे स्तर सांगितले आहेत. सार निघून गेलेल्या भागास बक्कस म्हटले आहे आणि सुराबीजास किण्वक ही संज्ञा दिली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही सुराध्यक्षाच्या प्रकरणात उडीद व तांदूळ यांपासून किण्व तयार करण्याची कृती आढळते. आधीच्या संधानातील बीज पुढील संधानास द्यावे, हा व्यवहार आपल्या परंपरेत रुजलेला होता, हे यावरून स्पष्ट होते.

अरिष्ट-आसवांत हे कार्य मुख्यतः धातकीपुष्पांकडे येते. सह्याद्रीच्या उतारांवर हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तांबड्या फुलांनी लगडणारी आपली धायटी तीच ही. या फुलांवर मधुरसाच्या आश्रयाने नैसर्गिक किण्व असतात. शिवाय फुलांतील कषायरस कल्पास उपकारक ठरतो. त्यामुळे धायटीचे काम केवळ किण्व पुरविण्याचे आहे, असे समजू नये. परंतु फुले केव्हा तोडली, उन्हात किती वाळविली, गोदामात किती महिने राहिली आणि पावसाळ्यात त्यांना किती दमट हवा लागली, यांवर जिवंत किण्वांची संख्या अवलंबून असते. दोन वर्षे पोत्यात पडलेली फुले रंगाने धायटीच असतात, पण बीज म्हणून त्यांचा भरवसा धरता येत नाही.

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाशेजारी राहणाऱ्यांना तेथून ताजी फुले आणण्याचा मोह होऊ शकतो. राष्ट्रीय उद्यानातून वनस्पती तोडणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निषिद्ध आहे. फुले विश्वासू व्यापाऱ्याकडूनच, त्याच हंगामाची, मागवून घ्यावीत.

किण्वावरील भार

अरिष्टात किण्वास किती कठीण परिस्थितीत काम करावे लागते, हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडियातील अशोकारिष्टाच्या पाठात ४.८ किलो अशोकत्वचेचा क्वाथ ४९.१५२ लिटर जलात करून १२.२८८ लिटर शेष ठेवावयाचा असतो. त्यात ९.६ किलो गूळ व ७६८ ग्रॅम धातकीपुष्पे पडतात. गूळ विरघळल्यावर एकंदर द्रव सुमारे १८ लिटर होतो. म्हणजे प्रत्येक लिटरमध्ये ५०० ग्रॅमहून अधिक गूळ!

इतक्या गोड द्रवात किण्वपेशीतील पाणी बाहेर ओढले जाते. मूठभर दुर्बळ पेशी अशा द्रवात पडल्या, तर त्यांतील पुष्कळशा पहिल्याच दिवशी मरतात आणि उरलेल्यांना वाढण्यास आठवडा लागतो. या रिकाम्या आठवड्यात आम्ल निर्माण करणारे जीवाणू व बुरशी आपले ठाणे मांडतात. संधान ‘चुकले’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हीच घटना घडलेली असते. उलटपक्षी, पहिल्याच दिवशी दर मिलिलिटरमागे पन्नास लाख ते एक कोटी सशक्त पेशी द्रवात असतील, तर संधान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरते, कर्बवायूचा थर पृष्ठावर बसतो आणि इतर जंतूंना शिरकाव राहत नाही.

ढवळण्याने काय साधते?

हवा मिळाल्यास किण्वांची वाढ अधिक होते, हे लुई पाश्चरने एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले. मात्र येथे एक सूक्ष्म भेद लक्षात घ्यावा. साखर भरपूर असताना किण्व हवेच्या सान्निध्यातही काही मद्यार्क तयार करीतच राहतो. त्यामुळे ढवळलेल्या बीजात मद्यार्क मुळीच होत नाही, असे नव्हे. ढवळण्याचे लाभ निराळे आहेत. पहिला लाभ असा की, पेशीच्या आवरणास लागणारे स्नेहघटक बनविण्यास प्राणवायू आवश्यक असतो. तो मिळालेल्या पेशी पुढे गोडवा व मद्यार्क दोन्ही अधिक सोसतात. दुसरा लाभ म्हणजे द्रवात साठणारा कर्बवायू सतत बाहेर पडतो. तिसरा लाभ असा की, पेशी तळाशी न बसता सर्व द्रवात पसरून राहतात आणि प्रत्येकीस अन्न मिळते.

पात्राबाहेरील फिरत्या चुंबकाने पात्रातील चुंबकदांडी फिरविण्याच्या यंत्राचे अमेरिकेतील पेटंट आर्थर रोझिंगर यांस १९४४ साली मिळाले. पुढे रसायनशाळांमधून मॅग्नेटिक स्टिरर सर्वत्र दिसू लागला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बीअर बनविण्यास मुभा मिळाल्यानंतर तेथील हौशी मंडळींनी संगणकाच्या जुन्या पंख्यापासून हेच यंत्र घरी बांधण्याची युक्ती रूढ केली. त्यांचा हेतू आपला नव्हे. परंतु युक्ती आपल्या कामाची आहे.

ढवळकाची बांधणी

साहित्य पुढीलप्रमाणे. संगणकाचा १२ व्होल्टचा डीसी पंखा, ८० किंवा १२० मिलिमीटरचा; निओडिमियमचे दोन चपटे गोल चुंबक, सुमारे १० मिलिमीटर व्यासाचे; पंख्याच्या मधल्या चकतीवर बसेल असा एक लोखंडी वायसर; १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर, अर्धा ते एक अँपिअरचा; वेग कमी-अधिक करण्यासाठी एलएम ३१७ हा रेग्युलेटर, २४० ओहमचा एक रोधक व सुमारे अडीच हजार ओहमचा पोटेन्शिओमीटर; प्लास्टिकचा वा लाकडी डबा; वर ठेवण्यास ३ मिलिमीटर जाडीचा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा; लांब स्क्रू व नट; अ‍ॅरल्डाइट. विद्युत साहित्य ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, मिळते. टेफ्लॉनचे आवरण असलेली २५ ते ३० मिलिमीटरची चुंबकदांडी व दोन लिटरचा बोरोसिलिकेट काचेचा कोनिकल फ्लास्क प्रिन्सेस स्ट्रीट परिसरातील प्रयोगशाळा-साहित्याच्या दुकानांत मिळतो. आवरण नसलेला साधा चुंबक औषधी द्रवात कदापि घालू नये.

प्रथम पंख्याच्या मधल्या चकतीवर वायसर अगदी केंद्रात चिकटवावा. त्याने चुंबकांचा परिणाम मोटरवर कमी होतो व पकडही वाढते. नंतर केंद्राच्या दोन बाजूंस, समान अंतरावर, दोन चुंबक ठेवावेत. एकाचे उत्तर टोक वर व दुसऱ्याचे दक्षिण टोक वर असावे. दोन्ही सारखीच ठेवल्यास दांडी पकडली जात नाही. दोन चुंबकांमधील अंतर दांडीच्या लांबीशी जुळते ठेवावे. आरंभी चिकटपट्टीने बसवून पंखा चालवून पाहावा. थरथर जाणवल्यास चुंबक केंद्रापासून समान अंतरावर नाहीत असे समजावे. समतोल साधल्यावरच अ‍ॅरल्डाइट लावावे व पूर्ण एक दिवस वाळू द्यावे.

पंखा डब्यात चार स्क्रूंवर असा उभारावा की, चुंबक व वरील अ‍ॅक्रिलिक यांत तीन ते पाच मिलिमीटरच अंतर राहील. अंतर वाढले की पकड सुटते. एलएम ३१७ ला लहानशी धातूची पट्टी लावावी, कारण तो तापतो. तो डब्याच्या बाहेरील अंगास असणे उत्तम. डब्यास हवेसाठी छिद्रे ठेवावीत, अन्यथा आतील उष्णता फ्लास्कपर्यंत पोहोचते. अ‍ॅडॉप्टर नेहमी डब्यापासून दूर व उंचावर असावा. फेस उतू गेल्यास द्रव विजेपर्यंत जाता कामा नये.

फ्लास्कचा तळ सपाट असणे महत्त्वाचे आहे. मुरांब्याच्या बरणीचा तळ मध्यभागी उचललेला असतो. त्यावर दांडी एका बाजूस घसरते. वेग कमीपासून हळूहळू वाढवावा. पृष्ठभागावर लहानशी खळी दिसली की पुरे. खोल भोवरा आवश्यक नाही. त्याने दांडी सुटते व फेस मात्र वाढतो.

एक दक्षता विशेष. हे चुंबक लहान असले तरी प्रबळ असतात. पेसमेकर बसविलेल्या व्यक्तीजवळ ते नेऊ नयेत. म्हणून चिकित्सालयाच्या खोलीत हे यंत्र ठेवू नये. बालकांच्या हाती सुटे चुंबक लागू देऊ नयेत. दोन चुंबक गिळल्यास आंत्रास छिद्र पडण्याचा धोका असतो.

बीजसिद्धी : अशोकारिष्टाचे उदाहरण

बीजासाठी कल्पाबाहेरील एकही द्रव्य वापरावयाचे नाही, हा या पद्धतीचा मुख्य नियम होय. जे द्रव्य पाठात आहे, तेच थोडे आधी घ्यावयाचे आणि त्याचा हिशोब मुख्य मानातून वजा करावयाचा.

प्रथम क्वाथद्रव्याचा सोळावा भाग, म्हणजे ३०० ग्रॅम अशोकत्वचा, ३.०७२ लिटर जलात उकळून ७६८ मिलिलिटर शेष ठेवावा. हा क्वाथ झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत भरून प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाबावर वीस मिनिटे ठेवावा. घरगुती कुकरचा दाब या कामास पुरेसा असतो. लागणारा गूळ त्या-त्या वेळी क्वाथात अथवा पाण्यात विरघळवून, उकळून व थंड करूनच वापरावा. फ्लास्कमध्ये पाणी व चुंबकदांडी घालून दहा मिनिटे उकळावे आणि ते पाणी ओतून द्यावे.

पहिला दिवस : १०० मिलिलिटर क्वाथ, १०० मिलिलिटर उकळून थंड केलेले पाणी व २० ग्रॅम गूळ एकत्र करून त्यात १० ग्रॅम स्वच्छ धातकीपुष्पे घालावीत. तोंडास स्वच्छ कापूस लावून २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात दोन दिवस स्थिर ठेवावे. मुंबईत वर्षातील बहुतेक काळ यासाठी वेगळी ऊब द्यावी लागत नाही. याच कल्पाचे आधीचे पिंप उत्तम सिद्ध झाले असेल, तर फुलांऐवजी त्याच्या तळाचा २० ते ३० मिलिलिटर ताजा साका घेता येतो. हेच शास्त्रोक्त सुराबीज होय. तथापि महिनाभर मद्यार्कात राहिलेल्या साक्यातील बऱ्याच पेशी मृत असतात, म्हणून तो तसाच मुख्य पिंपात न घालता त्याचीही अशीच वृद्धी करून घ्यावी.

तिसरा दिवस : बुडबुडे व सुगंध आल्यावर द्रव उकळलेल्या मलमलीतून गाळून फ्लास्कमध्ये घ्यावा. त्यात ४०० मिलिलिटर क्वाथ, ३०० मिलिलिटर पाणी व ८० ग्रॅम गूळ यांचे थंड मिश्रण घालून ढवळक सुरू करावा. तोंडावर कापसाचा सैल बोळा असावा. येथे हवा आत यावयास हवी, म्हणून पाण्याचा सापळा लावू नये. चोवीस तास ढवळावे. येथे क्वाथ पातळ व गोडवा कमी ठेवण्यामागे हेतू आहे. आरंभी पेशींनी भार न सोसता संख्या वाढवावी.

चौथा दिवस : २०० मिलिलिटर क्वाथात २०० ग्रॅम गूळ विरघळवून, उकळून, थंड करून फ्लास्कमध्ये घालावा व बारा ते अठरा तास ढवळावे. याने बीज अधिक गोड द्रवास सरावते. मुख्य पिंपातील तीव्र गोडव्याचा धक्का एकाएकी बसत नाही.

अशा प्रकारे एकूण ७०० मिलिलिटर क्वाथ, ३०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम धायटी व ४०० मिलिलिटर जादा पाणी खर्ची पडते आणि सुमारे सव्वा लिटर बीज हाती येते. मुख्य क्वाथ उरलेल्या ४.५ किलो अशोकत्वचेचा, ४६.०८ लिटर जलात करावा. त्याचा शेष ११.५२ लिटर राहावयास हवा. पण बीजातील ४०० मिलिलिटर पाणी भरून काढण्यासाठी तो ११.१२ लिटरपर्यंत आटवावा. बीजक्वाथातून उरलेला थोडा भागही यातच मिळवावा. म्हणजे बीजासह एकूण द्रव पाठातील १२.२८८ लिटरइतकाच राहतो. गूळ व धायटीही तितकीच वजा करावी. असे केल्यास कल्पाचे मान कोठेही ढळत नाही.

बीजाची परीक्षा

बीज मुख्य पिंपात घालण्यापूर्वी नाक, डोळा व सूक्ष्मदर्शक या तिघांची साक्ष घ्यावी. गंध फळासारखा वा ताज्या भाकरीच्या पिठासारखा असावा. शिरक्याचा, कुजट अथवा बुरशीचा गंध आल्यास, तसेच पृष्ठावर साय वा केसाळ ठिपके दिसल्यास ते बीज निःसंकोच फेकून द्यावे. सव्वा लिटर द्रवाची हानी अठरा लिटरच्या हानीपेक्षा केव्हाही बरी.

सूक्ष्मदर्शकाच्या ४० च्या भिंगाखाली किण्वपेशी अंडाकृती व कोंब फुटलेल्या दिसतात. त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान, दांडीसारखे वा साखळीसारखे जीव विपुल दिसले, तर जीवाणूंचा संसर्ग समजावा. फुलांपासून केलेल्या बीजात ही तपासणी टाळू नये.

पेशीगणनेसाठी रक्तपेशी मोजण्याची न्यूबाउर काचपट्टी चालते. शेजारच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत ती असतेच. बीज पाण्याने पन्नास पट पातळ करावे व त्यास मेथिलीन ब्लूचा अल्पांश द्यावा. मृत पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंगहीन राहतात. मधल्या चौरसातील पंचवीसपैकी पाच घरांतील जिवंत पेशी मोजाव्यात. समजा, त्या ४० भरल्या. ४० ला ५ ने, मग १० हजाराने व शेवटी ५० ने गुणिले असता दर मिलिलिटरमागे १० कोटी पेशी येतात. असे १.२ लिटर बीज १८ लिटर द्रवात घातल्यास दर मिलिलिटरमागे सुमारे ६६ लाख पेशी होतात. एवढे बीज पुरेसे होय. निळ्या पेशी शेकडा दहाहून अधिक असतील, तर बीज आणखी एक वेळ ताज्या द्रवात वाढवून घ्यावे.

मुख्य संधान ढवळू नये

येथे एक गैरसमज आधीच दूर करणे अगत्याचे आहे. ढवळक केवळ बीजासाठी आहे, अरिष्टासाठी नव्हे. बीज घालताना क्वाथ उंचावरून ओतून आरंभीची थोडी हवा मिळू द्यावी. त्यानंतर मात्र पिंप निवांत व बंद असले पाहिजे. संधान चालू असताना हवा मिळत राहिली, तर मद्यार्काचे शुक्तात रूपांतर करणारे जीवाणू बळावतात. आपल्या आचार्यांनी पात्रास घृतलेप, धूपन व संधिबंधन सांगितले, त्यामागील प्रयोजन याच दृष्टीने समजून घ्यावे. पात्राचा चतुर्थांश ते तृतीयांश भाग रिकामा ठेवावा आणि वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही, असा पाण्याचा सापळा तोंडाशी लावावा.

सिद्धीलक्षणे पूर्वीचीच. आतील आवाज थांबणे, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसणे, तोंडाशी नेलेली जळती काडी न विझणे, चुन्याची निवळी दुधाळ न होणे, या परीक्षा बीजामुळे रद्द होत नाहीत. बीजामुळे संधान लवकर आरंभते. परंतु औषधी घटक द्रवात उतरण्यास लागणारा काळ त्याने कमी होत नाही. आठव्या दिवशी वायू थांबला, म्हणून पिंप उपसण्याची घाई करू नये.

कायद्याची चौकट

मद्यार्क स्वयंजनित असणे, हे अरिष्ट-आसवांचे शास्त्रीय व कायदेशीर वैशिष्ट्य आहे. संधान मंदावले म्हणून बाहेरून मद्यार्क मिळविणे हा औषधाशीही द्रोह आहे आणि कायद्याशीही. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये परवान्यावाचून मादक पेय तयार करणे हा महाराष्ट्रात अपराध आहे; म्हणून परदेशातील हौशी मंडळींचे अनुकरण पेयासाठी कोणी करू नये. मद्यार्कयुक्त औषधांचा प्रश्न १९५१ च्या बलसारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. पुढे अधिनियमाच्या कलम २४-ए मध्ये, मादक पेय म्हणून वापरण्यास अयोग्य अशा औषधी कल्पांना सूट दिली गेली. ही सूट आपल्या औषधाच्या प्रामाणिकपणावर उभी आहे, हे विसरता कामा नये.

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाचे कलम ३३-ईईसी स्वतःच्याच रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास परवान्यातून वगळते. विक्रीसाठी बनविणाऱ्या औषधशाळेस मात्र परवाना व शेड्यूल टी यांचे बंधन आहे. अशा औषधशाळांनी बीजसिद्धीची पायरी आपल्या निर्मितीच्या लेखी पद्धतीत नमूद करून अन्न व औषध प्रशासनाशी विचारविनिमय करूनच अमलात आणावी. घटक व त्यांचे मान पाठाप्रमाणेच असल्याने स्पष्टीकरण देणे सोपे जाते. पावाचे यीस्ट घालणाऱ्यास ही सोय नाही. त्याच्या पिंपात पाठाबाहेरचे द्रव्य पडलेले असते.

समारोप

तयार मॅग्नेटिक स्टिरर विकत घेता येत असेल, तर जरूर घ्यावा. तोही नसेल, तर दिवसा दर तासाने फ्लास्क हाताने हलविला तरी स्थिर ठेवण्यापेक्षा लाभ होतो. यंत्र हे साधन आहे. त्यामुळे लागणारी शिस्त अधिक मोलाची आहे : फुलांचा हंगाम पाहणे, पात्रे उकळणे, बीज तपासणे आणि प्रत्येक पिंपाची संधानवही ठेवणे. वहीत बीजाचा उगम, गणना, द्रवाचे तापमान, संधानारंभाचा दिवस आणि सिद्धीचा दिवस इतके पाच रकाने असले तरी पुरेसे आहे. एका वर्षाच्या नोंदी हाती आल्या की, कोणत्या ऋतूत कोणते बीज उत्तम चालते, हे प्रत्येकास आपल्या जागेपुरते निश्चित सांगता येईल. ज्या व्यवसायबंधूंपाशी अशा नोंदी आहेत, त्यांनी त्या परस्परांस दाखविल्यास लहान औषधशाळांचे पिंप वाया जाण्याचे प्रमाण निश्चित घटेल. रुग्णाच्या हाती पडणारी प्रत्येक बाटली मागील बाटलीसारखीच असावी, एवढी अपेक्षा तो बाळगतो. ती पूर्ण करणे आपल्या हाती आहे.